तासातलं ताट : प्रस्तावना

पातूरच्या चक्कीवर दळणाची वाट पाहत बसले होते. मांडीवर या पुस्तकाची जुळवलेली पानं, हातात पेन्सिल. शेजारी पिशवी धरून बसलेल्या म्हाताऱ्या बाईनं विचारलं, कायचं लिहिनं चालू हाय? मी म्हटलं, पाच माणसांच्या घरानं कमी पैशात रोज काय रांधावं, म्हणजे सगळ्यांच्या अंगी लागेल, त्याचं पुस्तक आहे. तिनं पानांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "काय खाव हे आता पुस्तकात पाहा लागते काय वं माय?"

मी उत्तराची जुळवाजुळव करेपर्यंत तिचा डबा भरून आला आणि ती उठून गेली. डब्यात गव्हाचं पीठ होतं, रेशनच्या गव्हाचं. तिच्या लहानपणी या गावात गहू सणावारी दळला जायचा आणि रोजचं दळण ज्वारीचं असायचं. काय खावं हा प्रश्न तिच्या आईला, आजीला पडत नव्हता, कारण त्याचं उत्तर जून महिन्यातच शेतात पेरून झालेलं असे. तिला द्यायचं राहिलेलं उत्तर इथे देते आहे. लांबलं तर तिनं सांभाळून घ्यावं.

पातूर हे अकोल्याहून वाशीमकडे जाताना तीसेक किलोमीटरवर लागणारं तालुक्याचं गाव. खडकात कोरलेली लेणी, रेणुकामातेची टेकडी, शेख बाबूंचा दर्गा. जुन्या कागदांत तर गावाचं नावच पातूर शेख बाबू. पण जेवणाच्या पुस्तकाला यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे गाव दोन जमिनींच्या सांध्यावर आहे. उत्तरेला पूर्णेच्या खोऱ्यातली काळी, ओल धरणारी जमीन. दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगेचे उतार, मुरमाड, हलके. काळीत कापूस आणि रब्बीचा हरभरा, हलकीत ज्वारी, मूग, तीळ, आणि टेकडीवर कुणी न पेरलेली सीताफळं. दोन्हीकडचा माल एकाच आठवडी बाजारात येतो. म्हणून हे पुस्तक लिहायला मला हे गाव सोयीचं वाटलं. माझं माहेर इथलं, हे दुसरं कारण.

आता ती जूनमधली पेरणी. बैलांमागे तिफण चालायची आणि तिफणीमागे सरतं धरून बाई चालायची. तिफणीतून ज्वारी पडायची, सरत्यातून तूर. आठ-दहा तासं ज्वारीची झाली की एक-दोन तुरीची. (तास म्हणजे पिकाची ओळ. वऱ्हाडाबाहेरच्या वाचकाला घड्याळ आठवू नये म्हणून सांगितलं.) ज्वारीतच मूग, उडीद, बरबटीचे (म्हणजे चवळीचे) दाणे मिसळलेले. धुऱ्याला, म्हणजे बांधावर, अंबाडी आणि तिळाची चार झाडं. कुठं वाळकाचा वेल, कुठं भेद्रं, म्हणजे पुण्या-मुंबईकडचे टमाटे. पावसानं ओढ दिली आणि ज्वारी गेली तरी खोल मुळांची तूर तग धरायची. म्हणून ही पेरणी होती. शेतकऱ्याच्या डोक्यात जोखमीचा हिशेब होता, आहारशास्त्र नव्हतं. पण एकाच हिशेबात दोन्ही कामं उरकत.

पाहा, वर्ष कसं भरायचं. पावसाळ्यात अंबाडीचा कोवळा पाला: तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली, वरून लसणाची फोडणी दिलेली ती भाजी म्हणजे एका भांड्यात धान्य, डाळ आणि पालेभाजी. पोळ्याच्या पुढेमागे मूग-उडीद घरात. त्यातल्या मुगाच्या पुढे उन्हाळ्यात मुंगवड्या घालून वाळवायच्या. दिवाळीनंतर ज्वारी. थंडीत तुरीच्या ओल्या शेंगांचे सोले, सोल्यांची आमटी, वांग्यात सोले. हरभऱ्याचे शेंडे खुडायचेच असतात, खुडल्यानं झाड पसरतं, तर ती खुडलेली भाजी घरी. संक्रांतीच्या आगेमागे तूर. मग जवस, करडई. जवसाची चटणी वर्षभर. उन्हाळ्यात काहीच नसतं तेव्हा पाटाच्या कडेला चिवळ. ज्वारीचा कडबा म्हशीला, म्हशीचं ताक जेवणात, शेण पुन्हा शेतात. बाजारातून आणायचं ते मीठ, गूळ, थोडं तेल. आज ज्याला आपण आहाराचं नियोजन म्हणतो ते त्या तासांमध्ये होतं. स्वयंपाकघरात फक्त त्याची भाकर व्हायची.

हे वाचून कुणाचे डोळे पाणावले असतील तर त्यांनी ते पुसून घ्यावेत. ज्याच्याकडे शेत होतं त्याचं हे वर्णन आहे. ज्याच्याकडे नव्हतं त्याच्या ताटात भाकर आणि ठेचा, बरा दिवस असेल तर पातळ बेसन. वऱ्हाडची काळी जमीन अमेरिकेतल्या यादवी युद्धापासून, म्हणजे १८६०च्या दशकापासून, मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी कापूस पिकवत होती, आणि १८९६-९७ व १८९९-१९०० या दुष्काळांत याच समृद्ध मुलखात माणसं अन्नावाचून मेली. १९७२ साली परदेशातली लाल मिलो ज्वारी खाऊन आणि कामावर सुकडीचं वाटप घेऊन दिवस काढलेली माणसं अजून हयात आहेत; मिलोचं नाव काढलं की त्यांचं तोंड अजून कडू होतं. आणि ज्वारीसुद्धा एकटी पुरत नाही. दख्खनमधल्या गरीब ज्वारी खाणाऱ्यांना पेलाग्रा व्हायचा, उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर, मानेवर काळपट चट्टे उठायचे. डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली त्याचा संबंध ज्वारीतल्या ल्युसिन या घटकाशी जोडून दाखवला. शेजारी डाळ, दूध, भाजी असेल तर तीच ज्वारी निर्धोक. ज्वारीचे गोडवे गाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, मी स्वतः त्यांच्यातली असले तरी.

मग हे तासांचं ताट मोडलं कसं? एका दिवसात नाही, आणि कुणा एकाच्या दोषानं नाही. १९६४ साली सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला. कणीस भरघोस, पण धांडा बुटका, कडबा कमी. भाकरीलाही जुन्या ज्वारीची चव नाही, अशी कुरकुर तेव्हापासूनची. पुढे ऐंशी-नव्वदच्या दशकात सोयाबीन आलं. शंभरेक दिवसांत निघणारं, दिवाळीच्या तोंडावर रोख पैसा देणारं, मागे हरभऱ्याला रान मोकळं करून देणारं पीक. ज्वारीला राखणदार लागतो, पाखरं पळवायला गोफण लागते, रानडुकरं शेतात शिरतात, कापणी-खुडणीला मजूर मिळत नाहीत. सोयाबीन या कटकटींतून बऱ्यापैकी सुटलं. शेतकऱ्यानं ते घेतलं यात मला काही वावगं दिसत नाही. मीही घेतलं असतं. सोयाबीनमध्ये तुरीची तासं आजही असतात, ती विकायला. पण ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तशी म्हैस गेली, म्हैस गेली तसं ताक गेलं. धुऱ्यावर तणनाशक आलं आणि अंबाडी गेली. ताटातला एकेक पदार्थ असा पाय न वाजवता निघून गेला, आणि त्याच्या जागी दुकानातून आणायची वस्तू आली.

तूर पातुरात पिकते, अकोल्याच्या डाळ मिलमध्ये जाते आणि पॉलिश होऊन पातुराच्या किराण्यात परत येते. सोयाबीनचं तर आणखी नवल. ते निघतं आमच्या शेतातून, त्याचं तेल डब्यात जातं, पेंड कोंबड्यांच्या खाद्यात. आणि त्यातलंच थोडं सोयावडी होऊन पाकिटातून घरी येतं. घरात पोतं भरलेलं असताना सोयाबीनचा दाणा चुलीवर चढत नाही. त्याला एक रास्त कारण आहे: कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात आणि वास उग्र असतो. पण वीस-पंचवीस मिनिटं उकळून, वाळवून, भाजून, नऊ किलो गव्हाला एक किलो या मापानं दळणात घातलं तर पोळीची चव बदललेली घरच्यांना कळत नाही. शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये ३६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, तूरडाळीत बावीसेक. या पुस्तकातली सगळ्यात स्वस्त युक्ती हीच आहे, आणि सगळ्यात जास्त नाकं मुरडली गेली तीही हिच्यावरच.

आता शास्त्राकडे वळू. ताटाचं मोजमाप करण्याचा आपल्याकडचा पद्धतशीर प्रयत्न फार जुना नाही. कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेचे संचालक डॉ. वॉलेस एक्रॉइड यांनी १९३७ साली भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची एक पुस्तिका काढली. तिच्या नावातच 'समाधानकारक आहाराचं नियोजन' असे शब्द होते. 'संतुलित' या शब्दानं माणूस आपल्या ताटाकडे अपराधी नजरेनं पाहू लागतो. 'समाधानकारक' म्हटलं की निदान प्रयत्न करावासा वाटतो. हीच प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादला गेली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली. महाराष्ट्रात या प्रश्नाला वेगळं वळण अर्थशास्त्रज्ञांनी आणि संख्याशास्त्रज्ञांनी दिलं. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला तो माणशी रोज २,२५० उष्मांक विकत घेता येतात का, या मोजपट्टीवर. पां. वा. सुखात्मे यांचं म्हणणं असं की प्रथिनांची म्हणून जी तूट दिसते ती बरीचशी पोटभर न मिळाल्यामुळेच आहे. पुढे त्यांनी गरजेची एकच ठोकळ रेघ मारण्यालाही हरकत घेतली. दोन मराठी घराण्यांतला हा वाद वाचनीय आहे. माझ्या कामाला त्यातून एक गोष्ट मिळाली: आधी पोट, मग त्यातला समतोल. रोजंदारीवर राबणाऱ्या बाईला तीन भाकरींऐवजी एक भाकर आणि वाटीभर कोशिंबीर सुचवणारी पत्रकं मी पाहिली आहेत. लिहिणाऱ्यानं एक दिवस त्या बाईबरोबर कापूस वेचावा.

राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत २,००० उष्मांकांचं दिवसाचं ताट दिलं आहे: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं (किंवा अंडी-मांस) ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिली, दाणे-तीळ-जवस असल्या तेलबिया ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम. याला पाचानं आणि तिसानं गुणून मी ते पातुरातल्या काही घरांत घेऊन गेले. महिन्याला धान्य साडेसदतीस किलो. एका वहिनीनं मान हलवली. रेशनवर माणशी पाच किलोनं पंचवीस किलो गहू-तांदूळ येतो, २०२३ पासून फुकट. म्हणजे दोन तृतीयांश धान्य सुटलं. डाळी पावणेतेरा किलो. इथे ती हसली. दूध रोज दीड लिटर. इथे तिनं हसणंही थांबवलं. "दाय महाग झाली तं झाली," ती म्हणाली, "पानी तं फुकटच हाय."

या एका वाक्यात कमी पैशातल्या संतुलित आहाराचा सगळा पेच आहे. भाव वाढला म्हणून वरण कुणी बंद करत नाही; ते पातळ होतं. वाटी तीच, पिवळा रंग तोच, वर फोडणीही तीच, आणि आत डाळ अर्धी. बाहेरून कुणाला कळत नाही, खुद्द घरच्यांनाही नाही. सरकारी ताटांनाही हा नियम लागू आहे. २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांत सुरू झालेल्या शिवभोजन थाळीत तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, दीडशे ग्रॅम भात आणि शंभर ग्रॅम वरण ठरलं होतं. शंभर ग्रॅम वरणात डाळ किती आणि पाणी किती, ते वाटीकडे बघून सांगता येत नाही. त्या मानानं १९९५ साली एक रुपयात निघालेली झुणका-भाकर खरी होती, असं मला वाटतं. झुणक्यात पाणी लपत नाही. योजना पुढे कशी रखडली हा निराळा विषय. पदार्थाची निवड करणाऱ्याला मात्र ताट कळत होतं.

डाळीवर एवढा जोर कशासाठी, तर धान्यातल्या प्रथिनांत लायसिन कमी असतं, डाळीत ते भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यात असतं. दोन्ही एकत्र खाल्ली की एकमेकांची खोट भरून निघते. वरच्या ताटात २५० ला ८५, म्हणजे तीनास एक असं प्रमाण पडतं. दिवसाला साडेतीनशे ग्रॅम गहू-तांदूळ आणि वीस ग्रॅम डाळ खाणाऱ्या बाईला छत्तीस-सदतीस ग्रॅम प्रथिनं मिळतात, तीही लंगडी. पंचावन्न किलोच्या बाईला सेहेचाळीस लागतात. धान्य शंभरेक ग्रॅमनं कमी करून तेवढीच डाळ घेतली तर तेवढ्याच उष्मांकांत ही तूट भरते. म्हणून या पुस्तकातला पहिला आणि जवळजवळ एकमेव कडक नियम: डाळ वाटीनं मोजून घालायची, अंदाजानं नाही. माझ्या घरच्या मध्यम वाटीत तूरडाळ १४० ग्रॅम बसली. पाच माणसांना दिवसाकाठी तीन वाट्या कडधान्य-डाळ म्हणजे आपण शास्त्राच्या पंगतीत बसलो. दोन वाट्या झाल्या तरी पुष्कळ. वाटीचं माप मराठी घरात रुळवण्याचं श्रेय मोठ्या प्रमाणात कमलाबाई ओगले यांच्या १९७० सालच्या 'रुचिरा'ला आहे; मी फक्त तीच वाटी चवीऐवजी पोषणाकडे वळवली आहे.

या पुस्तकात भाव छापलेले नाहीत, याबद्दल तक्रार येणार. कारण सांगते. २०१५च्या दिवाळीआधी तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली होती. भाव पाहून पुढच्या हंगामात सगळ्यांनी तूर पेरली, पाऊस साथीला आला, आणि २०१७च्या सुरुवातीला हीच तूर ५,०५० रुपये क्विंटलच्या हमीभावालाही बाजारात कुणी घेईना. खरेदी केंद्रांपुढे गाड्यांच्या रांगा दिवसेंदिवस उभ्या होत्या. दीड वर्षात स्वयंपाकघरातलं रडणं शेतात पोचलं. असल्या पिकाचा भाव मी पुस्तकात छापला तर तो छापखान्यातच शिळा होईल. त्याऐवजी एक रिकामा तक्ता दिला आहे. महिन्याच्या किराण्याला जाताना त्यात सात-आठ जिनसांचे भाव स्वतः लिहायचे: तूरडाळ, हरभराडाळ, मूग, मसूर, बरबटी, सोयाबीन, फल्लीदाणे (म्हणजे शेंगदाणे), अंडी. शेजारी त्या जिनसेतल्या प्रथिनांचा आकडा छापलेला आहे. भावानं त्याला भागलं की दहा रुपयांत कुठे काय मिळतं ते कळतं. बहुतेक महिन्यांत हरभरा तुरीला मागे टाकतो. वऱ्हाडी माणूस वरण तुरीचंच खाणार, हे मला मान्य आहे. पण रात्री बेसन किंवा पातोड्यांची भाजी करायला त्याची ना नसते.

हाच भागाकार पोरांच्या पाच रुपयांच्या पाकिटांना लावून पाहावा. पाकिटावर वजन अगदी बारीक अक्षरात असतं. त्यावरून किलोचा भाव काढा आणि तो फुटाण्याच्या भावाशेजारी लिहा. एका आठवीतल्या मुलीनं हे गणित शाळेच्या वहीत केलं आणि घरी आईला नेऊन दाखवलं. आईनं सांगितलं ते असं की हिशेब कळला, पण पाकीट दिलं की पोरगं अर्धा तास गप बसते, फुटाण्यानं बसत नाही. याचं उत्तर माझ्याकडे नाही. गूळ-फल्लीदाण्याच्या चिक्कीनं वीस मिनिटं बसतं, एवढा माझा अनुभव.

भाज्यांच्या प्रकरणात मी रमले आहे, ते वाचकानं चालवून घ्यावं. बाजारात जी महाग ती भाजी चांगली, हा समज इतका घट्ट आहे की हिवाळ्यात फुलकोबीला रांग असते आणि हरभऱ्याच्या भाजीची जुडी पडून राहते. तरोटा पहिल्या पावसात उकिरड्याशेजारीही उगवतो, म्हणून त्याला मान नाही. अंबाडी आंबट, चिवळ निवडायला किचकट, माठ गरिबाचा. या साऱ्या पालेभाज्या आहेत आणि वऱ्हाडच्या बायांना त्यांची गरज इतर कुणाहून कमी नाही: २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के रक्तक्षय असलेल्या निघाल्या, आणि पाच वर्षांखालच्या मुलांत हे प्रमाण ६८.९ टक्के. पाल्यातलं आणि धान्यातलं लोह अंगाला सहजी लागत नाही. सोबत आंबट, 'क' जीवनसत्त्वाचं काही असेल तर जास्त लागतं. शेजारच्या बाळापूर तालुक्यातलं वाडेगाव लिंबांसाठी नावाजलेलं. हंगामात लिंबू स्वस्त असतं, उन्हाळ्यात त्याचा भाव डोळ्यांत पाणी आणतो. तेव्हा कैरी किंवा कच्चा सांबार. (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. दक्षिणेकडच्या पाहुण्याला भाजीवर सांबार घालू का, असं विचारून पाहा.) आणि जेवल्याबरोबर चहा नको; चहातला तुरटपणा लोहाला धरून ठेवतो. हा सल्ला फुकटातला आहे आणि अंमलात आणायला सगळ्यात अवघड, कारण दुपारी शेतातून आल्यावर जेवण आणि चहा यांच्या मध्ये तासभर थांबायला वेळ कुणाकडे असतो?

तक्त्यात न मावलेली एक गोष्ट इथे लिहून ठेवते. मी एका घरी आठ दिवस संध्याकाळी जाऊन बसले, वजनकाटा घेऊन. त्यांनी परवानगी दिली होती. थट्टाही पुष्कळ केली. पाच माणसांसाठी त्या बाईनं दोन वाट्या डाळ मोजून शिजवली. कागदावर प्रत्येकाला सारखी. आधी नवरा आणि सासरा जेवले, मग पोरं. एक दिवस शेजारचा पोरगा जेवायला थांबला, तेव्हा पातेल्यात तांब्यातलं पाणी पडलं आणि पातेलं पुन्हा उकळलं. शेवटी ती स्वतः बसली. तिच्या वाटीत जे आलं ते मी तोललं नाही, मला लाज वाटली. ती अर्धी भाकर त्या पाण्यात कुस्करून, वर ठेचा घेऊन जेवली आणि पोट भरलं म्हणाली. सरासरीनं त्या घरातलं ताट समाधानकारक होतं. त्यानंतर मी पुस्तकातल्या प्रत्येक पाककृतीत एक ओळ घातली: वाढण्याआधी पाच वाट्या मांडून घ्याव्यात. काही वाचकांना ती विनोदी वाटेल. संपादकांनाही वाटली होती.

तेलाबद्दल थोडक्यात: माणशी २७ ग्रॅम म्हणजे पाच जणांना महिन्याला चार किलो. पिशवी आणल्या तारखेची खूण तिच्यावर पेनानं केली की बाकी काही सांगावं लागत नाही. फल्लीचं की सोयाबीनचं या वादात मी पडलेली नाही. दुधाबद्दल: दीड लिटर बहुतेकांना जमणार नाही. निदान लहान मुलांचं आणि गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बाईचं दूध चहाच्या दुधापासून वेगळं काढून ठेवावं. उरलेल्यांनी ताक, तीळ, जवस, फल्लीदाणे यांवर भागवावं. अंगणवाडीतून आणि शाळेतून मिळणारा आहार मी हिशेबात धरला आहे, पण तो घरच्या जेवणाची जागा घेत नाही. प्राथमिक शाळेतल्या मुलाला दुपारी ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. ते दिवसभरातलं एक जेवण झालं.

पुस्तकाची मांडणी महिन्यांप्रमाणे आहे आणि सुरुवात जानेवारीनं नाही, पोळ्यानं होते. नवा मूग तेव्हा येतो आणि कडधान्यं थोडीफार स्वस्त असतात. वर्षाची सवय लावायला तो महिना बरा. ज्यांच्याकडे दोन एकर का होईना शेत आहे, त्यांच्यासाठी शेवटी चार पानं पेरणीची आहेत: सोयाबीनमध्ये तुरीची तासं तर असतातच, त्यांतलं एक घरासाठी राखावं, धुऱ्याची एक बाजू तणनाशकाविना सोडून तिथे अंबाडी आणि बरबटी टाकावी, हलक्या रानात गुंठा-दोन गुंठे ज्वारी. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे तूर, हरभरा, ज्वारी यांचे वाण मिळतात, ते विचारून घ्यावेत. घरच्या तुरीची डाळ चक्कीवर करून घेतली तर किलोला पाऊण किलोच्या आतच उतरते आणि बाजारच्यासारखी चकचकीत दिसत नाही. चुणी मात्र आपल्याच गोठ्यात येते, गोठा उरला असेल तर.

मजकूर छापायला जाण्याआधी पातुरातल्या अकरा घरी महिनाभर वापरायला दिला होता. पानं परत आली ती हळदीच्या बोटांनी भरलेली. एका घरानं सगळा रविवार खोडून तिथे फक्त 'मटन' लिहिलं होतं. एकानं वांग्याच्या भरितात मी सांगितलेल्या तेलाच्या आकड्यापुढे उद्गारचिन्ह काढलं होतं, ते तेल कमी झालं म्हणून की जास्त झालं म्हणून, हे विचारायला गेले तर ते कुटुंब हंगामाला बाहेरगावी गेलेलं. आणि फळांच्या रकान्यात, जिथे मी बेफिकिरीनं 'सफरचंद किंवा केळी' असं लिहून मोकळी झाले होते, तिथे कुणीतरी शाळकरी अक्षरात दोन्ही शब्दांवर रेघ मारून महिन्यांपुढे लिहिलं होतं: सीताफळ, बोरं, कवठ, पेरू, चिच, जांभयं. ती दुरुस्ती मी तशीच छापली आहे. 'जांभळं' करायला मुद्रितशोधकाला मनाई केली.